तीन सफरचंदांची नावं

गुरुदत्तने सफरचंदाचा चावा घेतला आणि दुसऱ्याच क्षणी तोंड वाकडं करून तो तुकडा गवतात थुंकला. कच्ची सुपारी चावल्यासारखी जिभेला मिठी बसली होती.

लाकडी काउंटरमागची मुलगी हसली. सगळेच थुंकतात, ती म्हणाली. ही खायची सफरचंदं नव्हेतच, ही सायडरची. तोंडात धरवत नाहीत, पण रस काढून मुरवला की यांच्यासारखी दुसरी नाहीत. तिच्या मागे शेडमध्ये दाबयंत्र चालू होतं. फडक्यांत बांधलेल्या चोथ्याचे थर एकावर एक चढवलेले होते आणि त्यांच्यातून निथळणारा तपकिरी रस खालच्या टाकीत पडत होता. आंबूस-गोड वासावर गांधीलमाश्या घोंघावत होत्या.

तिने गुरुदत्त आणि शैलेंद्रपुढे दोन छोटे ग्लास ठेवले आणि त्या सायडरमधल्या तीन सफरचंदांची नावं सांगितली. नॉर्दर्न स्पाय, गोल्डन रसेट, डॅबिनेट.

शैलेंद्रने तिला ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग तो गुरुदत्तकडे वळला.

"लक्षात राहतील ना रे? सुनेत्राला सांगू."

"नावं घेऊन काय करणार आहे ती? बाटली घे एक."

दोघंही सत्तरी ओलांडलेले, नागपूरच्या मेडिकल कॉलेजपासूनचे मित्र. अमेरिकेत आल्यावर पहिली दोन वर्षं त्यांनी जर्सी सिटीत एकाच खोलीत, एकाच हीटरपुढे काढली होती. पुढे गुरुदत्त भूलतज्ज्ञ झाला आणि एडिसनला स्थिरावला. शैलेंद्र न्यूरॉलॉजीकडे गेला आणि रिटायर झाल्यावर मुलाजवळ, लांब जॉर्जियात, अल्फारेटाला राहायला गेला. या ऑक्टोबरात शैलेंद्रनेच फोन करून बेत ठरवला होता: हडसनच्या खोऱ्यात, सायडरच्या बागांमधून, जुन्या गावांमधून दोन दिवस सायकल चालवायची. गुरुदत्तची बायको सुनेत्रा गाडीने पुढे जाऊन दुसऱ्या गावात जेवणाचे डबे घेऊन थांबणार होती.

"शैलेंद्र बरोबर आहे म्हणजे मला काळजी नाही," सकाळी हॉटेलच्या पार्किंगमध्ये गुरुदत्तच्या हेल्मेटचा पट्टा लावून देताना ती म्हणाली होती.

बाटली पिशवीत टाकून ते निघाले. रस्ता बागांमधून वरखाली जात होता. झाडं तारांना बांधून रांगेत वाढवलेली, बुटकी, आणि त्यांच्याखाली गळलेल्या फळांचा लाल-पिवळा सडा. लांबवर शिड्या लावून माणसं तोडणी करत होती. त्यांच्या रेडिओवरचं स्पॅनिश गाणं वाऱ्याबरोबर कमी-जास्त होत होतं.

"आज वार कोणता रे?" शैलेंद्रने मागून विचारलं. "रिटायर झाल्यापासून वारांचा पत्ताच नसतो."

"शुक्रवार."

"आणि ही काउंटी कुठली?"

"अल्स्टर. का, पोलीस विचारतायत?"

शैलेंद्र मोठ्याने हसला. जरा जास्तच मोठ्याने.

पहिलं गाव लागलं. डच वसाहतवाल्यांनी बांधलेली दगडी घरं रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी होती, ठेंगणी, जाड भिंतींची, उतरत्या छपरांची. त्यांत अजून माणसं राहत होती. एका ओट्यावर भोपळे मांडले होते, दुसऱ्या दारापुढे कुणीतरी कुरियरचं खोकं टाकून गेलं होतं. गावाच्या टोकाला पांढरं चर्च होतं आणि तिथे रस्त्याला तीन फाटे फुटत होते. नकाशा शैलेंद्रच्या फोनवर होता. पण चर्चच्या अलीकडेच तो सायकलवरून उतरला आणि पायाशी वाकला.

"तू हो पुढे. कुठे वळायचं बघ. मी लेस बांधून येतो."

गुरुदत्त फाट्यापर्यंत गेला. सकाळी न्याहारीच्या वेळी त्याने नकाशा पाहिला होता. चर्चपासून डावीकडे, ओढ्याच्या कडेने. वळण्याआधी त्याने मागे पाहिलं. शैलेंद्र वाकलेलाच होता, पण त्याची नजर बुटांवर नव्हती, गुरुदत्तवर होती. आणि बुटांना लेस नव्हत्याच. नुसत्या दोन रुंद चिकटपट्ट्या होत्या.

गुरुदत्त डावीकडे वळला.

ओढ्याच्या कडेने बरंच अंतर गेल्यावर शैलेंद्र त्याच्या बरोबरीला आला. थोडा वेळ त्याने मुलाच्या नव्या घराबद्दल सांगितलं, मग गुडघ्याबद्दल. आणि मग, अगदी सहज,

"ती पोरगी काय नावं म्हणाली रे सफरचंदांची?"

गुरुदत्तचा पाय पेडलवर क्षणभर थांबला.

उत्तरात रस नसलेला प्रश्न कसा विचारतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? सगळं आयुष्य तो ऑपरेशनच्या टेबलावर माणसांना नातवंडांची नावं विचारत आला होता. नातवंडांशी त्याला काही देणंघेणं नसे. जीभ कधी जड होते, तेवढंच त्याला पाहायचं असे. वार, ठिकाण, तीन शब्द सांगायचे, मधे दुसरंच बोलायचं, आणि मग ते तीन शब्द पुन्हा विचारायचे. नागपूरला वॉर्डात स्मृतिभ्रंशाची ही तपासणी ते दोघं एकाच पुस्तकातून शिकले होते.

"कुणास ठाऊक," तो म्हणाला आणि पुढे निघून गेला.

चढ होता. तो सायकलवर उभा राहून पेडल मारत होता. दम लागला, पण थांबावंसं वाटेना. मागून शैलेंद्र "अरे हळू!" म्हणून ओरडला, तसा त्याने आणखी जोर लावला. सकाळपासूनचा एकेक क्षण त्याच्या डोळ्यांपुढे येत होता आणि प्रत्येकाचा रंग पालटत होता. नाश्त्याच्या वेळी "चावी कुठे ठेवलीस?" विचारणारा शैलेंद्र. आठवडाभर आधी स्वयंपाकघरात फोनवर शैलेंद्रशी बोलणारी सुनेत्रा. तो आत आल्यावर "ठेवते हं" म्हणून तिने फोन ठेवला होता. काळजी नाही म्हणे. पेशंटबरोबर डॉक्टर दिला, म्हणून काळजी नाही! म्हणजे दोन दिवसांची सहल, बागा, गावं, सायडर, हे सगळं त्याच्याभोवती उभं केलेलं होतं. आणि तो खुळ्यासारखा पंधरा दिवस सायकलला तेलपाणी करत होता.

सगळ्यात जास्त त्याला शैलेंद्रचं लागलं. त्या एका खोलीत एकाच ओव्हरकोटावर दोघांनी हिवाळा काढला होता, ज्याची नाइट ड्यूटी त्याच्या अंगात कोट. लपवण्यासारखं दोघांकडे काही नव्हतंच. समोर बसून विचारलं असतं, गुरू, काही होतंय का तुला, तर त्याने सांगितलं नसतं?

चढ संपला तिथे बागेची कमरेएवढी दगडी भिंत होती. गुरुदत्तने सायकल तिला टेकवली आणि उभा राहिला. शैलेंद्र धापा टाकत वर आला.

"काय रे, रेस आहे का?"

"नॉर्दर्न स्पाय, गोल्डन रसेट, डॅबिनेट," गुरुदत्त म्हणाला. "घे. आता शंभरातून सात वजा करत जाऊ का खाली? की कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवू?"

शैलेंद्रचा हात हेल्मेटच्या बक्कलपाशी थांबला.

"गुरू..."

"पास झालो का, तेवढं सांग."

"सफरचंदं बरोबर आहेत."

"मग फोन कर तिला. सांग, नवरा अजून शाबूत आहे." आवाज चढला होता, तो त्याला खाली आणता येईना. "तिचं एक वेळ समजू शकतो मी. ती घाबरट आहे. पण तू? लेस बांधायचं नाटक करून बघत उभा राहतोस? पन्नास वर्षं ओळखतोस मला शैल्या, आणि तिने सांगितलं म्हणून चोरून तपासतोस?"

"सुनेत्राला यातलं काही माहीत नाही."

"मग कोणी सांगितलं? सावनीने?" सावनी त्याची मुलगी, बेलव्ह्यूला असे.

शैलेंद्रने हेल्मेट काढून भिंतीवर ठेवलं. त्याचे पांढरे केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"तू सांगितलंस," तो म्हणाला.

गुरुदत्त हसला. "वा."

"जूनमध्ये. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमधून फोन केलास. सामान घेऊन गाडीत बसलो आणि घरी जायचा रस्ताच आठवेना, म्हणालास. फोनवर पत्ता घालायचंही सुचत नव्हतं तुला. मी अल्फारेटात बसून तुला एकेक सिग्नल सांगत घरापर्यंत आणलं."

वाऱ्याने भिंतीपलीकडे एक सफरचंद गळून पडलं.

गुरुदत्तला पार्किंग आठवत होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं त्याने ते. गाडीत तापलेली हवा, शेजारच्या सीटवर किसलेल्या फ्रोझन नारळाची पिशवी, ती वितळून सीट भिजत चाललेली. पुढे, आपण घराच्या गॅरेजपाशी पोचलो, हेही आठवत होतं. आपल्या आपण पोचलो, असं तो सगळा उन्हाळा धरून चालला होता. मधल्या रस्त्यावर शैलेंद्रचा आवाज त्याने आठवणीत शोधून पाहिला. तिथे काहीच नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी तू पुन्हा फोन केलास," शैलेंद्र हळू म्हणाला. "तेच सगळं सांगितलंस. पहिल्यांदा सांगावं तसं. मी ऐकून घेतलं."

"आणि?"

"आणि म्हणालास, मला एकदा बाहेर ने, आणि बघ. पण आधी सांगू नकोस. सांगितलंस तर मी पाठ करून येईन. मी म्हटलं, गुरू, असं चोरून नको, क्लिनिकमध्ये जाऊ. तू शप्पथ घातलीस मला."

"सुनेत्राबद्दल काय म्हणालो?"

"तिला तूच सांगशील म्हणालास. आधी तुला स्वतःला कळू दे, मग तिला."

"मग ती तुझ्याशी फोनवर काय बोलत होती?"

"तुझ्या वाढदिवसाचं. सावनी येतेय, सरप्राइज आहे." शैलेंद्रने कपाळ पुसलं. "तेही फोडलं बघ मी आता."

गुरुदत्त भिंतीवर बसला. चढावर गोळा केलेला सगळा राग अजून छातीत होता, पण तो ज्याच्यावर काढावा असं कोणी समोर उरलं नव्हतं. समोर एक दमलेला म्हातारा मित्र होता, चार महिने गप्प राहिलेला. शैलेंद्र येऊन शेजारी बसला. बागेत कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला आणि तो लांब निघून गेला.

"तुला काय वाटतं?" गुरुदत्तने अखेर विचारलं. "डॉक्टर म्हणून."

"आज तू माझ्यापेक्षा बरा होतास. पण टेस्ट करायला हव्यात. लवकर."

"हं."

"राग गेला का?"

"कुणावर ठेवू?" गुरुदत्त म्हणाला.

उतार सोपा होता. यावेळी शैलेंद्र पुढे होता, आणि प्रत्येक वळणावर हात लांब करून दिशा दाखवत होता. गुरुदत्तला ते नको होतं. पण त्याने थांबवलं नाही.

दुसऱ्या गावात, एका दगडी घराचं म्युझियम केलं होतं त्याच्या अंगणात, सुनेत्रा बाकावर चादर पसरून बसली होती. थालीपीठं, लोण्याची डबी, लसणाची चटणी, सगळं मांडून झालं होतं. दोघांचे चेहरे पाहून तिचा हात चहाच्या उघड्या थर्मासवर तसाच राहिला.

"किती उशीर! भांडलात की काय?"

"थोडंसं," शैलेंद्र म्हणाला. "मी जरा गावात चक्कर मारून येतो. तुम्ही बसा."

"थांब," गुरुदत्त म्हणाला.

तो सुनेत्राच्या शेजारी बसला. हातमोजे काढून त्याने गुडघ्यावर ठेवले, एकावर एक, नीट.

"सुनेत्रा, मला तुला काहीतरी सांगायचंय. जूनमधलं."

सुनेत्राने थर्मासचं झाकण परत लावलं. काय ते तिने विचारलं नाही. नुसती सरकून जवळ बसली आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. खूप दिवस वाट पाहिल्यासारखा.

गुरुदत्तने मान वर करून मित्राकडे पाहिलं.

"शैल्या, तूही बस. मधे काही विसरलो, तर सांग."