स्वयंपाकघराकडे तोंड करून

लग्नाच्या वाढदिवसाला कुठे जायचं, असं मी विचारलं, तर ह्यांनी पेपरातून मान वर न करता त्या बाईच्या हॉटेलचं नाव घेतलं. ती बाई म्हणजे टीव्हीवर पांढरा कोट घालून मांसाचे तुकडे उलटणारी. तिने आता आमच्या शहरात स्टेकहाउस काढलंय, आणि तिथल्या एका जेवणात आमच्या घरचा महिन्याचा किराणा येतो. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो दरामुळे नाही. लग्नाआधी हे स्वयंपाकाच्या शाळेत शिकत होते, तेव्हा ही बाई ह्यांच्याच शेगडीवर, ह्यांच्या शेजारी उभी असायची.

मग सासऱ्यांनी अंथरूण धरलं. ह्यांनी शाळा अर्धवट सोडून घरचं चष्म्याचं दुकान सांभाळलं आणि ती टीव्हीवर गेली. आमच्या लग्नानंतर ह्यांनी हौसेने एकदा सूप केलं, तर सासूबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "त्या पोरीबरोबर शिकलाय, म्हणून हाताला एवढी चव." त्या दिवसापासून मी ह्यांना ओट्याजवळ फिरकू दिलेलं नाही. चहासुद्धा मीच करते. शेजारपाजारचे म्हणतात, काय नशीबवान नवरा!

मी दातांच्या दवाखान्यात फोन घेते. आमच्या डॉक्टरीणबाई त्या हॉटेलात जाऊन आल्या होत्या. पैसे वसूल होतात का, असं मी त्यांना विचारलं. "अगं, तोंडात विरघळतं," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "दातांना कामच नाही." दातांचा डॉक्टरच असं म्हणायला लागला तर आपण काय बोलणार?

नणंद म्हणाली, "वहिनी, वेडी आहेस का? तेवढ्यात सोफ्याला नवं कापड येईल." आमच्या सोफ्याची स्प्रिंग टोचते हे खरं आहे. पण ती बाई मला जास्त टोचत होती. आठवडाभर मी 'जायचं' आणि 'नाही जायचं' करत राहिले. शेवटी ठरवलं की जायचंच. ती ह्यांच्या मनात अजून आहे का, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. स्टेक गेला खड्ड्यात.

मी हिरवा ड्रेस घातला. दारात वेटर दिसताच ह्यांनी विचारलं, "स्वयंपाकघरासमोरचं टेबल मिळेल का?" स्वयंपाकघर काचेपलीकडे होतं, सगळं दिसत होतं. हे काचेकडे तोंड करून बसले. माझ्या वाट्याला भिंत आली आणि भिंतीवर त्या बाईचा फोटो.

मांस आलं. काळ्या बशीत, सुरेख, वर लोणी वितळतंय. मी काटा उचलला.

"थांब जरा," हे म्हणाले.

"का?"

"थांब गं."

हे हात मांडीवर ठेवून बसले आणि माझ्या खांद्यावरून काचेकडे बघत राहिले. आता एवढं झाल्यावर मला आणखी काय कळायचं राहिलं होतं? जेवण समोर, बायको समोर, आणि हा माणूस तिची वाट बघतोय. आणि ती आलीच. टेबलाटेबलाशी हसत आमच्यापाशी पोचली. आमच्या बशांतलं न कापलेलं मांस पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"काही बिघडलंय का?"

"काही नाही. आचेवरून आत्ताच उतरलंय, त्याला दम खाऊ द्या," हे म्हणाले. "लगेच कापलं तर रस बशीत जातो."

तिने ह्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि एकदम ओरडली, "अरे, थांबजरा! तूच ना तू?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वर्गात सगळे ह्याला थांबजराच म्हणायचो. आमची पोटं कोकलायची आणि हा कुणाला हात लावू द्यायचा नाही."

इतकी वर्षं संसार केला आणि नवऱ्याचं टोपणनाव मला ह्या बाईकडून कळावं! ती बोलत होती आणि हे सारखे एका बाजूला झुकत होते. तिच्याजवळ सरकायला, दुसरं काय!

"तुमची मजा आहे," ती मला म्हणाली. "रोज ह्याच्या हातचं खायला मिळतं."

मला घास न खाताच ठसका लागला. ह्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

"खाते की," हे म्हणाले. "नावं ठेवून खाते."

ती हसत पुढच्या टेबलाकडे गेली. ह्यांनी मांस कापलं आणि पहिला तुकडा माझ्या बशीत ठेवला. चांगला होता मेला. नावं ठेवायलासुद्धा जागा नव्हती.

घरी चालत येताना मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"मग काय सांगू? बायको शेगडीला हात लावू देत नाही म्हणून?"

"आणि सारखं तिच्याकडे टक लावून बघत होतात ते?"

"कोणाकडे?" हे रस्त्यातच थांबले. "अगं, ती मधे येऊन उभी राहिली. मला शेगडी दिसेना."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. थापा मारताना ह्यांचा कान लाल होतो. दिव्याखाली नीट पाहिलं, कान लाल नव्हता. आधी मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. दोन पावलं गेल्यावर मात्र रडूच यायला लागलं, आणि आपण कशाला रडतोय ह्याचा मला रागही आला.

रविवारी मी मांस आणलं, ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "माझी कंबर दुखतेय." कंबर ठणठणीत होती. हे दारात उभे राहिले, पाहुण्यासारखे. मग आत गेले. माझा सर्वांत जड तवा त्यांना पहिल्याच कपाटात सापडला. म्हणजे तो कुठे असतो हे त्यांना ठाऊक होतं. तव्यावर मांस टाकल्यावर ह्यांचा चेहरा असा काही झाला, की तसा माझ्याकडे बघून कधी झाल्याचं मला आठवत नाही. त्या बाईचं मी एकवेळ विसरेन, पण आता ह्या तव्याचं काय करू?

मांस बशीत आलं. मी काटा पुढे केला.

"थांब जरा," हे मागे न बघता म्हणाले.

मी जळफळत थांबले.