सावधान, रांगते बाळ

गार्गी आठव्या महिन्यात रांगायला लागली, तेव्हा आमच्या पुंडलिकनगरच्या घरात सगळ्यात जास्त घाबरला तो तिचा बाप. विश्वजीत वाळूजच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. बाराशे कामगारांना हेल्मेट घालायला लावणाऱ्या या माणसापुढे पहिल्यांदाच असा जीव आला होता, ज्याला मेमो देता येत नव्हता.

त्याने इंटरनेटवरून चौसष्ट मुद्द्यांची यादी उतरवली, मराठीत केली, छापून क्लिपबोर्डला लावली आणि रविवारी सकाळी स्वतःच्याच घराचं इन्स्पेक्शन केलं. पायात सेफ्टी शूज होते. पलंगाखाली तो बॅटरी घेऊन पालथा शिरला, तेव्हा गार्गी त्याच्या पाठीवर चढून बसली होती. त्याने तेही लिहून घेतलं.

मग पार्सलं यायला लागली. टेबलाच्या कोपऱ्यांना फोमचे तुकडे चिकटले. गार्गीने ते संध्याकाळपर्यंत उपटून चघळायला घेतले, म्हणून घशात अडकतील या भीतीने त्यानेच ते काढून कपाटावर ठेवले. प्लगांना झाकणं बसली आणि ती काढता काढता माझी दोन नखं गेली. चमच्यांच्या ड्रॉवरचं लॉक तर असं बसलं, की दोन दिवस आम्ही वरण वाटीला तोंड लावून प्यायलो. भिंतीवर, साडेतीन फुटांवर, लॅमिनेट केलेली पाटी लागली: ‘सावधान, रांगते बाळ’. शेजारच्या सत्यभामाकाकू विरजण मागायला आल्या, तर त्यांना दारातच पाच मिनिटांचं सेफ्टी ट्रेनिंग मिळालं. काकू विरजण न घेताच गेल्या. नंतर मला गच्चीवर गाठून म्हणाल्या, “मोनाली, नवऱ्याची तब्येत बरी हाय ना गं?” मी म्हटलं, बरी आहे काकू, फक्त आज सुट्टी आहे.

मला हसू यायचं, पण हसून भागणार नव्हतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रजा दोनदा वाढवून झाली होती आणि लॅबच्या मॅडमनी फोनवर सरळ सांगितलं होतं, सोमवारी आलीस तर ठीक, नाहीतर दुसरी मुलगी बघून ठेवली आहे. सासूबाई हयात नाहीत. पाळणाघराला विश्वजीतने नकार दिला, कारण तिथल्या जिन्याला एकाच बाजूला कठडा होता. म्हणून मी फर्दापूरकडच्या आमच्या गावाहून मायला बोलावून घेतलं. माय राहिली तर माझी नोकरी राहणार होती.

माझी माय बानाबाई मेंढरांमागे हिंडत चार लेकरं वाढवलेली बाई. गुरुवारी दुपारी आली, पिशवी ठेवली, हातपाय धुतले, नातीचे दोन मुके घेतले. मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडून एक टोक गार्गीच्या कमरेला बांधलं, दुसरं पलंगाच्या पायाला, आणि शेजारी ज्वारी निवडायला बसली. गार्गी पट्टी पुरेल तिथवर जायची, वळायची, आजीच्या मांडीवर चढायची. तीन तासांत ती ना पडली, ना रडली.

संध्याकाळी विश्वजीत कामावरून आला आणि दारातच थबकला.

“आई, हे काय केलंय तुम्ही?”

“काय म्हंजी? चुलीकडं जाऊ नाय म्हून बांधलं. मोनीला बी आसंच बांधत व्हते मी.”

“ती माणसाचं लेकरू आहे आई. मेंढरू नाही.”

माय खाली मान घालून गाठ सोडत राहिली. गाठ घट्ट होती, बराच वेळ लागला. त्या वेळात मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी आत जाऊन कुकर लावला. याची मला अजून लाज वाटते.

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर त्याने मायला ट्रेनिंग दिलं. माय डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून बसली होती आणि तो क्लिपबोर्ड घेऊन उभा. प्लग, कोपरे, ड्रॉवर, पडदे, फिनेलची बाटली. शेवटी कंपनीतल्यासारखं विचारलं, “काही शंका?”

“हाय की येक,” माय म्हणाली. “लेकरू पडलं तर आधी उचलायचं, का आधी लिवायचं?”

“आधी उचलायचं,” तो गंभीरपणे म्हणाला. “मग नोंद.”

शनिवारी मायने मला बाजूला घेतलं. “मोने, मी उद्या सांजच्या गाडीनं जाते. लेकरू डोळ्यांत तेल घालून सांभाळीन गं, पर परीक्षा द्यायचं वय नाय आता माझं.” मी रडले, विनवण्या केल्या. तिने माझे डोळे पुसले आणि पिशवी भरली. सोमवार माझ्या हातातून गेला होता. विश्वजीतला सांगितलं, तर तो म्हणाला, “बघ, जबाबदारी नको असते लोकांना.”

रविवारी सकाळी नळ आला. आमच्याकडे नळ येतो म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. नवव्या दिवशी तासभर पाणी येतं आणि त्या तासात घरातल्या ज्या ज्या वस्तूला बूड आहे ती भरून घ्यायची असते. ड्रम, दोन टब, बादल्या, घंगाळ, कुकर, गार्गीची आंघोळीची पाटीसुद्धा. त्या तासात गल्लीत कुणी मेलं, तरी रडणं पाणी गेल्यावर सुरू होईल.

मोटार पुढच्या अंगणात आणि बाथरूम स्वयंपाकघराच्या मागे. म्हणजे नळी सगळ्या घरातून जाते. स्वयंपाकघराच्या दाराला विश्वजीतने भक्कम फाटक बसवलं होतं, यादीतलं सगळ्यात महागडं. पण नळी मध्ये आली की फाटक लागेना, आणि लावलं तर नळी दबून धार बारीक व्हायची. त्याने क्षणभर विचार केला आणि पिवळ्या-काळ्या सेफ्टी टेपने फाटक उघडं बांधून टाकलं.

तो मोटारीपाशी होता. मी बाथरूमच्या दाराशी ड्रमवर नळी धरून होते. माय पिण्याचे हंडे भरून ओट्यावर आणत होती. मला वाटलं गार्गी बापाजवळ आहे, बापाला वाटलं आजीजवळ, आजीला वाटलं आमच्यापैकी कुणाजवळ तरी. आणि गार्गी सरपटत्या नळीच्या मागोमाग, फाटकातून, माझ्या पाठीमागून बाथरूममध्ये गेली.

मला आधी हंडा पडल्याचा आवाज आला. वळून बघते तर माय बाथरूममध्ये होती आणि तिच्या मुठीत गार्गीचा फ्रॉक होता. गार्गी भरलेल्या टबाचा काठ धरून उभी राहिली होती, जन्मात पहिल्यांदा, आणि डोकं पाण्यात गेलं होतं. मायने तिला पालथं धरून पाठीवर थापटलं. गार्गी खोकली, ओकली आणि मग रडली. मी ओल्या फरशीवर बसले. ड्रम भरून वाहत होता आणि मोटार बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

विश्वजीत धावत आला. त्याने लेकीला छातीशी धरलं आणि हुंदके देऊन रडला. ते रडणं खरं होतं, यात मला शंका नाही. पण अर्ध्या तासाने गार्गी झोपली आणि त्याच्यातला ऑफिसर जागा झाला. तो कागद आणि शाईचं पॅड घेऊन आला. अपघात होता होता टळला तर कंपनीत त्याला ‘निअर मिस’ म्हणतात आणि त्याचा फॉर्म भरतात, तो हा.

तो लिहीत असताना मी क्लिपबोर्डवरची यादी उचलून वाचली. एकेचाळिसावा मुद्दा होता: घरच्या जलतरण तलावाला कुंपण आहे का? त्यापुढे त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘लागू नाही’. टबाबद्दल चौसष्ट मुद्द्यांत अवाक्षर नव्हतं. ज्यांनी यादी केली, त्यांच्याकडे नळ रोज येत असणार.

“आई, फॉर्मॅलिटी आहे,” विश्वजीत म्हणाला. “इथे अंगठा द्या.”

मायने पदराला हात पुसले. “मोने, काय लिवलंय ते वाच.”

मी वाचलं, मोठ्याने, एकेक शब्द. “मूळ कारण: सांभाळणाऱ्या व्यक्तीचे दुर्लक्ष. जबाबदार व्यक्ती: बानाबाई.”

मायने नवलाने त्याच्याकडे बघितलं.

“जावईबापू, तुमच्या कंपनीत मानूस मेलं, तर मेलेल्याचीच चूक लिवता का?”

विश्वजीतने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“बहुतेक वेळा,” तो म्हणाला.

मी त्याच्या हातातून पेन घेतलं. मायचं नाव खोडलं आणि खाली लिहिलं: फाटक उघडं बांधलं, विश्वजीत. पाठीमागे बघितलं नाही, मोनाली. मी सही केली. कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने वाचला आणि सही केली, सवयीने खाली तारीख आणि वेळही टाकली.

“माझं नाव हाय का ह्यात आता?” मायने विचारलं.

“नाही.”

“मंग लिव. मी बी हंड्यापायी इचारलं नाय लेकरू कुठंय म्हून.” आणि मी लिहायच्या आत तिने पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर उठवला.

मग शाई पुसत मला म्हणाली, “उद्या कितीला जायचं तुला?”

“नऊला.”

“मंग आठाच्या आत समदे टब झाकून द्या म्हनावं त्येन्ला. त्याबिगर मी थांबायची नाय.”

विश्वजीत समोरच बसला होता, तरी तिने ते मलाच सांगितलं. त्याने काही लिहून घेतलं नाही. उठला आणि फळ्या शोधायला गच्चीवर गेला.