ढमी मंडळाची रेकॉर्ड

मित्रांनो, आम्ही तीनशे जणी होतो. त्यांतली मी एक, आता जुनी झालेली, फार वाजलेली रेकॉर्ड आहे. काळी, ताटाएवढी, मधोमध भोक असलेली. माझ्या जातीच्या काही जणी तुम्ही भिंतीवर शोभेला टांगलेल्या पाहिल्या असतील. मी टांगलेली नाही. एका चष्म्यांच्या दुकानात, मागच्या खोलीतल्या कपाटाच्या तिसऱ्या फळीवर मी उभी आहे, आणि गेले सात महिने मला कोणी हात लावलेला नाही.

माझी आबाळ झाली असं मात्र समजू नका. माझ्याइतकं कौतुक फार थोड्या रेकॉर्डींच्या वाट्याला येतं. त्या कौतुकानेच माझं वाटोळं केलं. ते कसं, तेच सांगायचं आहे.

माझ्यात जे संगीत आहे त्याला जॅझ म्हणतात. शब्द ऐकून तुम्हाला धांगडधिंगा आठवेल, पण माझ्यात तसं काही नाही. माझ्यात एक पियानो आहे, एक हलक्या हाताने वाजवलेला ड्रम आहे, आणि या दोघांच्या पुढे बास आहे. बास म्हणजे माणसापेक्षा उंच, पोट सुटलेलं, चार जाड तारांचं लाकडी वाद्य. वाजवणारा त्याला मिठीत धरल्यासारखा उभा राहतो. एरवी बाकीची वाद्यं पुढे मिरवतात आणि बास मागे राहून सगळ्यांचं ओझं वाहतो. माझ्या सगळ्या रचना मात्र बास वाजवणाऱ्यानेच केल्या होत्या. सूर लावायचा, मग तो विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा लावायचा, अशी त्याची रीत. ऐकणाऱ्याला धुक्यात उभं असल्यासारखं वाटे. रसिक त्याला 'वातावरण' म्हणत.

सुट्टी लागलेल्या एका शाळेच्या सभागृहात तीन दुपारी हे ध्वनिमुद्रण झालं. मग कारखान्यात काळ्या प्लास्टिकचा गरम गोळा दोन साच्यांमध्ये दाबला गेला आणि मी जन्मले. साच्यातून निघाले तेव्हा माझ्या कडेला चकतीभोवती सुटलेल्या पापुद्र्यासारखी झालर होती. एका बाईने ती कापली, मला उजेडात तिरकी धरली आणि "ही चालेल" म्हणाली. आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

माझ्या दुसऱ्या बाजूवर, शेवटच्या रचनेच्या आधी, बास वाजवणाऱ्याचा आवाज आहे. आहे म्हणजे, होता. मुद्रण सुरू झालेलं त्याला ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. तो हळूच म्हणतो, "आहेस ना गं, ढमे?" मग चार सेकंद काहीच नाही. आणि मग बासचा पहिला, सर्वांत खालचा सूर.

मुद्रण करणाऱ्याला ते वाक्य कापायचं होतं. बास वाजवणारा म्हणाला, "राहू द्या." दोन वर्षांनी तो तापाने वारला. रेकॉर्ड काढणारी कंपनीही बुडाली, आणि त्याआधी तिने मूळ टेपांवर दुसरंच काही भरलं. उरलो आम्ही तीनशे जणी.

मला विकत घेतलं ते चष्मेवाल्यांनी. तेव्हा ते तरुण होते, दुकान नवं होतं. ते मला कडेने धरत, काच पुसायच्या मऊ फडक्याने पुसत, सुईची टोकं डोळ्याला भिंग लावून तपासत. त्यांची बायको म्हणायची, "माझा चष्मा गेले चार महिने एका काडीवर आहे. पण रेकॉर्डवर धूळ बसलेली यांना खपायची नाही."

"तू स्वतः ओरडून सांगतेस गं. ती बिचारी कुणाला सांगणार?" ते म्हणायचे.

दर रविवारी दुपारी चारला दुकानाच्या मागच्या खोलीत बैठक भरू लागली. टायपिंग शिकवणाऱ्या बाई यायच्या. लिफ्ट दुरुस्त करणारे एक काका यायचे, आयुष्य यंत्रांच्या खडखडाटात गेल्यामुळे ते साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटे. आणखी चार-पाच जण येत-जात. आधी इतर रेकॉर्डी वाजत, शेवटी मी. तीस-बत्तीस वर्षांत मी चुकले असे रविवार बोटांवर मोजता येतील.

ही ढमी कोण, यावर त्यांचे तासन्‌तास वाद चालत. बायको असणार, असं टायपिंगच्या बाईंचं मत होतं.

"छे हो बाई," लिफ्टवाले काका म्हणाले. "एवढं मोठं पोट घेऊन पुढ्यात उभी आहे ती. बासलाच ढमी म्हणतोय तो."

ते सगळ्यांना पटलं. त्या दिवसापासून बैठकीचं नाव ढमी मंडळ पडलं. आणि एक प्रथा सुरू झाली. ती जागा जवळ आली की टायपिंगच्या बाई एक बोट वर करायच्या, आणि सगळे माझ्याबरोबर एका सुरात म्हणायचे, "आहेस ना गं, ढमे?" मग त्या चार सेकंदांत लिफ्टवाले काका बासच्या वतीने उत्तर द्यायचे, "आहे, आहे, वाजव तू." सगळे हसायचे. मग तो खालचा सूर यायचा आणि खोली गप्प व्हायची. एखादा नवा माणूस आला असेल तर चष्मेवाले सुई उचलून पुन्हा मागे ठेवायचे, त्याने ती जागा नीट ऐकावी म्हणून. एकेका रविवारी तीन-तीनदा.

मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

अकरा वर्षांपूर्वी समोरचा रस्ता रुंद झाला. मालाच्या गाड्या जाऊ लागल्या, जमीन हादरू लागली, आणि सुई माझ्या खाचेतून उडू लागली. नेमकी त्याच जागी. लिफ्टवाल्या काकांनी खिशातून एक नाणं काढून सुईच्या दांडीवर, अगदी टोकाला ठेवलं. "वजन पडलं की कशाची हिंमत आहे हलायची," ते म्हणाले. खरंच, सुई उडायची थांबली. सगळ्यांनी काकांची पाठ थोपटली.

मित्रांनो, माझी खाच केसाहून बारीक असते, आणि आवाज त्या खाचेच्या भिंतींवर कोरलेला असतो. नाण्याच्या वजनाने सुई त्या भिंती दर रविवारी थोड्या थोड्या खरवडू लागली. बासचे सूर जाड, त्यांचं कोरीव कामही रुंद. ते तग धरून राहिले. मागे हळूच बोललेलं वाक्य म्हणजे नुसता ओरखडा. तो आधी पुसट झाला, मग खरखरीत मिसळला, मग गेला. कोणाला कळलं नाही. कळणार कसं? त्या जागी सगळे मिळून मोठ्याने तेच वाक्य म्हणत होते. मला तोंड असतं तर सांगितलं असतं, पण मला सुई लागेल तेवढंच बोलता येतं.

गेल्या वर्षी टायपिंगच्या बाईंनी माझ्यावर एका वर्तमानपत्रात लेख लिहिला. मंडळाबद्दल लिहिलं, 'ढमी'बद्दलही लिहिलं. महिन्याभराने दुकानाच्या पत्त्यावर चार ओळींचं पत्र आलं. चष्मेवाल्यांनी ते उभ्या-उभ्या वाचून दाखवलं. 'ती ढमी मी. वाजवणारा माझा मोठा भाऊ. त्याने रेकॉर्डमध्ये मला हाक मारली आहे हे मला तुमच्या लेखातून समजलं. मला ती एकदा ऐकायची आहे. येऊ का?'

पुढच्या रविवारी खोली झाडून पुसून घेतली. वहिनींनी, म्हणजे चष्मेवाल्यांच्या बायकोने, खुर्चीवर नवी गादी टाकली. आजी बरोबर चारला आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, काटक, हातात कापडी पिशवी. ढमी म्हणावं असं त्यांच्यात काही उरलं नव्हतं.

"लहानपणी होते मी गुबगुबीत," त्या म्हणाल्या. "शाळेत सगळ्यांसमोर या नावाने हाक मारायचा. मी चावले होते एकदा त्याला."

सगळे हसले. लिफ्टवाले काका ओशाळून म्हणाले, "आम्ही आपले इतकी वर्षं त्या वाद्यालाच ढमी समजत होतो."

"बरोबरच आहे की. माझ्यापेक्षा त्याच्याच जवळ जास्त असायचा तो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ध्वनिमुद्रणाच्या तिसऱ्या दुपारी त्या भावाला न्यायला सभागृहात गेल्या होत्या. घरी आई अत्यवस्थ होती. भाऊ म्हणाला, एवढी एकच रचना राहिली आहे, संपली की निघू. त्या दाराजवळच्या बाकावर बसल्या. पण टेप बदलण्यातच बराच वेळ गेला. तेव्हा त्या उठल्या आणि एकट्याच घरी निघून गेल्या.

"त्याची पाठ होती माझ्याकडे. मी गेले ते त्याला दिसलं नसेल. तो घरी आला तेव्हा आई गेली होती." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मग मी त्याच्याशी बोलले नाही. ही रेकॉर्ड पाठवली होती त्याने. मी तशीच परत केली. नंतर तोही गेला. आता त्याचे फोटो आहेत माझ्याकडे. पण तो हाक कशी मारायचा, ते मला आठवत नाही हो. किती दिवस आठवून पाहते. चेहरा येतो, आवाज येत नाही."

म्हणजे ते चार सेकंद, मित्रांनो. ज्यांना सगळे वातावरण म्हणत आले, त्यांत एक भाऊ पाठमोरा उभा राहून बहिणीच्या उत्तराची वाट पाहत होता.

चष्मेवाल्यांनी मला काढलं, पुसलं, दुसरी बाजू वर करून ठेवलं. नाणं जागच्या जागी आहे ना ते पाहिलं. सुई टेकवली. टायपिंगच्या बाईंनी या वेळी बोट वर केलं नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या जागी खोलीत सगळे गप्प होते.

माझ्यातून खरखर आली. खरखर, मग आणखी खरखर, आणि मग बासचा खालचा सूर.

"झालं का?" आजींनी विचारलं.

"थांबा, थांबा, सुई पुढे पडली असेल." चष्मेवाल्यांनी ती मागे ठेवली. मग आणखी मागे. मग नाणं काढून पाहिलं, मग दोन बोटांनी दांडी उचलून धरून पाहिलं. मी जीव तोडून फिरत होते. माझ्यात असतं तर मी दिलं नसतं का?

"आमच्याकडे कॅसेट आहे," लिफ्टवाले काका एकदम म्हणाले. त्यांनी फार वर्षांपूर्वी आपला टेप रेकॉर्डर स्पीकरसमोर ठेवून मला भरून घेतलं होतं. तेव्हा मी धडधाकट होते. ते जवळच राहायचे. धापा टाकत गेले आणि घेऊन आले. आजी तोवर वहिनींनी दिलेला चहा बशीत ओतून, न पिता, तसाच धरून बसल्या होत्या.

कॅसेट लागली. ती जागा आली. आणि त्यातून टायपिंगच्या बाईंचा, चष्मेवाल्यांचा, आता हयात नसलेल्या दोघांचा, असा सगळ्यांचा मिळून खणखणीत आवाज आला, "आहेस ना गं, ढमे?" त्याच्याखाली माझा आवाज कुठेतरी चिरडलेला असेल. मग लिफ्टवाले काका म्हणाले, "आहे, आहे, वाजव तू." मग हशा.

कॅसेट बंद करायलाही कोणाचा हात पुढे होईना. शेवटी वहिनींनीच ती बंद केली.

"माझ्याऐवजी तुम्हीच उत्तर दिलंत होय," आजी काकांना म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. काका तोंड फिरवून भिंतीकडे पाहत राहिले. ते रडत होते, हे खांद्यांवरून कळत होतं.

"आम्ही म्हणून दाखवू का?" टायपिंगच्या बाईंनी घाबरत विचारलं. "आम्हाला पाठ आहे." आणि त्यांनी म्हणून दाखवलं. चष्मेवाले म्हणाले, असं नाही, 'ना' वर जरा जोर आहे. त्यांनीही म्हटलं. दोघांचं एकमेकांसारखं नव्हतं, आणि माझ्यासारखं तर कोणाचंच नव्हतं. इतकी वर्षं दोघेही स्वतःलाच ऐकत आले होते.

आजींनी चहा संपवला, पिशवी घेतली. दारात थांबून त्यांनी विचारलं, "एवढं सांगा. आवाज बसलेला होता का हो त्याचा? त्या आठवड्यात सर्दी झाली होती त्याला."

वर्षानुवर्षं दर रविवारी तो आवाज ज्यांच्या कानांवर पडला, त्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणालाच सांगता आलं नाही.

त्यानंतर चष्मेवाल्यांनी पत्ते शोधून माझ्या अकरा बहिणींच्या मालकांना पत्रं लिहिली. नऊ उत्तरं आली. प्रत्येकाने प्रेमाने लिहिलं होतं, माझ्यासारखी रेकॉर्ड पुन्हा झाली नाही म्हणून. आणि प्रत्येकाकडे ती एकच जागा गेलेली होती. तीच ऐकायला सगळ्यांनी पुन्हा पुन्हा सुई मागे ठेवली होती. बाकीच्या दोघांचं काही कळलं नाही. मंडळ आता भरत नाही. लिफ्टवाले काका रविवारी त्या रस्त्याने येतच नाहीत म्हणे.

मित्रांनो, रेकॉर्ड कडेने धरा, तिच्यावर वजन ठेवू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मला तशी काळजी भरपूर मिळाली. माझं मागणं वेगळं आहे. तुम्हाला जे फार आवडतं, ते पाठ झालं म्हणून ऐकायचं सोडू नका. तुमच्या घरात जी माणसं आहेत, ती तुम्हाला हाक मारतात तेव्हा आवाज जाड असतो की बारीक, शेवटचं अक्षर लांबतं की तुटतं, हे एकदा गप्प राहून ऐकून ठेवा. मी हे सांगते आहे खरी, पण माझ्या हाती आता फक्त बासचे सूर उरले आहेत, आणि त्यांच्या आधी खरखर.