मंगळवार पेठेतली काजळी

“ही आमची काजळी न्हवं,” राजमतीअक्का दारातूनच म्हणाल्या.

“अवो अक्का, तीच हाय. ऑपरेशन झालंय, पाच दिवस पिंजऱ्यात हुती. जरा वाळलीय, एवढंच,” असं म्हणून गुंडू हसला. हसू काही त्याला साधलं नाही.

“मला शिकवू नका. आमचीच्या छातीवर पांढरा टिपका हाय. हिच्या कुठाय? सकाळी तुमी सोडून गेलासा, तवापासनं बघतोय मी. माझी कुठं हाय ते सांगा.”

पायरीखाली काळी कुत्री भाकरी चावत होती. गुंडूनं वाकून तिची छाती पाहिली. टिपका नव्हता. “संस्थेत जाऊन बघतो,” असं पुटपुटून तो गाडीत बसला. संस्थेत बघायला होतं काय, कपाळ? काजळी कुठं आहे, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

उचगावच्या प्राणी संस्थेच्या गाडीवर गुंडू अठरा वर्षं होता. भटकी कुत्री धरून आणायची आणि नसबंदी झाली की जिथून उचलली त्याच गल्लीत सोडायची, हा तिथला नियम. परक्या गल्लीत सोडलं तर तिथली टोळी फाडून खाते. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात नंबराचा पट्टा. रविवारी गोचिडांचं औषध मारायला पट्टे काढले होते. बांधताना डॉक्टर स्नेहल म्हणाल्या, “गुंडूभाऊ, रजिस्टर बघून बांधा.” तर हा म्हणतो, “मॅडम, मला रजिस्टर लागत न्हाय. एकेकीला तोंडानं वळखतो की!” मोठा आला ओळखणारा! दोन काळ्या कुत्र्यांचे पट्टे बदलले आणि पुलाखालून आणलेली अक्कांच्या दारात आणि अक्कांची काजळी, पोटावर ताजे टाके घेऊन, उचगावजवळ हायवेच्या पुलाखाली. आता बोला!

पुलाखालच्या चहावाल्यानं त्याला बघताच हात हलवला. “सकाळी तुमीच सोडलासा न्हवं तिला? हितल्या पाच-सहा जणांनी घेरली की. वरडत नाल्याकडं पळाली.”

“जित्ती हाय?”

“आता ते मी काय सांगू?”

नाल्यात सिमेंटचे पाइप पडले होते. तिसऱ्या पाइपात दोन डोळे चमकले आणि गुंडूचा जीव भांड्यात पडला. “काजळे, ये बाय,” म्हणत तो खाली बसला. ती गुरगुरत मागं सरकली. पाइपाचं दुसरं तोंड थेट हायवेवर उघडत होतं. आणखी दोन हात सरकली असती, तर ट्रकखालीच गेली असती. गुंडू जागच्या जागी थिजला. त्याचा वास तिला माहीत होता. जाळी, गाडी, सुई, सगळं त्या वासात आलं. अठरा वर्षं तो कुत्र्यांसाठी राबला, पण गावातलं एक कुत्रं त्याला बघून शेपूट हलवत नव्हतं. ह्याचं त्याला आज फार वाईट वाटलं.

चहावाल्याला काठी घेऊन बाकीची कुत्री लांब ठेवायला सांगून तो गाडी घेऊन परत मंगळवार पेठेकडं निघाला. वाटेत तीन खोटी कारणं त्यानं घोकली. गाडीचं दार उघडं राहिलं, पोरांनी दगड मारले, असलंच काहीतरी. अक्कांसमोर उभा राहिला आणि तिन्ही विसरला.

“अक्का, चूक माझी हाय. पट्टं मीच बदललं. ती हायवेला हाय, आन् माझ्या हाताला येत न्हाय. तुमी हाक मारायला चला.”

अक्कांनी दोन चपात्या पदरात बांधल्या आणि कुत्र्यांच्या त्या वासट गाडीत पुढं येऊन बसल्या. उचगाव येईपर्यंत एकदाच म्हणाल्या, “मेली असंल तर आत्ताच सांगा.”

“मगाशी तरी जित्ती हुती,” गुंडू म्हणाला.

नाल्यात उतरून अक्का चिखलातच बसल्या. “काजळे, ये गं बाळा.” आतून कण्हल्यासारखा आवाज आला, पण ती हलेना. ती अक्कांच्या मागं बघत होती, गुंडूकडं.

“भाऊ, तुमी लांब जावा. आन् तोंड तिकडं करा.”

गुंडू वीस पावलं लांब जाऊन हायवेकडं तोंड करून उभा राहिला. प्रत्येक हॉर्नला त्याच्या काळजाचं पाणी होत होतं. मागं अक्कांची हाक चालू होती, मग ती थांबली. देवा, काय झालं? विचारायचीही चोरी.

“आली, भाऊ,” अक्कांचा आवाज आला. “मांडीवर हाय. टाकं एक-दोन सुटल्यात, पर खातीय.”

गुंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वळणार, तोच अक्का म्हणाल्या, “वळू नका की! बिचकंल ती.”

“न्हाय वळत,” गुंडू म्हणाला आणि उसाच्या ट्रॉल्या बघत तसाच उभा राहिला.