बेलपाड्याच्या बांधावरची मारांडी

मी मारांडी बोलतेय. नाव ऐकलं नसेल तर दोष तुमचा. पनवेलच्या खाडीकाठी मी तुमच्या इमारतींच्या कितीतरी आधीपासून आहे. कमरेएवढं झुडूप, काटेरी पानं आणि उन्हाळ्यात जांभळ्या-निळ्या फुलांचे तुरे. खारं पाणी पिऊन असं फुलून दाखवा, मग माझ्याशी बोला.

भरतीबरोबर आलेलं माझं बी बेलपाड्याच्या महादेवदादांच्या बांधाशी अडकलं आणि मी तिथेच पाय रोवले. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला त्यांचं भातशेत. त्यांची बाकी जमीन इमारतींखाली गेली, हे एकच शेत उरलं. माझे काटे पोटऱ्यांना ओरबाडत, म्हणून दादा मला येता-जाता शिव्या द्यायचे. त्यांचा बांध माझ्या मुळांनी धरून ठेवलाय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

यंदा वैशाखात त्यांच्या मुलाची, प्रितमची हळद ठरली. मांडव त्याच सुक्या शेतात पडला. पाहुणे बांधावरून येणार, बायकांच्या साड्या फाटतील, म्हणून दादांनी माझी अर्धी भावंडं मुळासकट उपटली. माझी पाळी आली तेव्हा त्यांची बायको हौसाबाई आडवी आली.

“यांना हात लावू नको. खाली माझ्या चिंबोऱ्या हायत.”

खेकड्यांच्या कृपेनं जगावं लागलं, हे मला मुळीच रुचलं नाही. पण जगले.

हळदीला पुनव होती. पुनवेचं उधाण भर दुपारी येतं, हे बेंजोच्या दणदणाटात कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. भावंडं उपटली होती तिथेच बांध फुटला आणि पाणी मांडवात शिरलं. फट रुंदावत गेली असती तर ते शेत कायमचं खाडीचं झालं असतं. ती रुंदावत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. मी एक ढेकूळ सोडलं नाही.

बेंजो बंद पडला. नवऱ्यासकट सगळे हळदीच्या अंगांनी चिखलात उतरले आणि हातोहात मातीचे गोळे देत त्यांनी बांध बुजवला.

संध्याकाळी दादा कोयता घेऊन आले. माझ्या फांद्या तोडू लागले तेव्हा मला भयंकर राग आला. पण त्यांनी त्या नव्या ओल्या मातीत खोचल्या. काटे बोटांत रुतत होते.

“आता साड्या फाटतील,” हौसाबाई म्हणाल्या.

“फाटू दे. बांध ऱ्हाईल.”

त्या फांद्यांना आता पालवी फुटलीय. पुढच्या उन्हाळ्यात तिथून जाल तेव्हा साडी जरा सावरून जा. मी बाजूला होणार नाही.