काटे तासभर मागे

मी तीनशे बारा नंबरच्या केबिनमधलं घड्याळ बोलतोय. हसू नका, समुद्रावर मला मान होता! गोल पितळी अंग, ठसठशीत काळे आकडे आणि पाठीवर किल्ली. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या घरातल्या फळीवर सुखाने टिकटिक करू. नशिबात निघालं प्रवासी जहाज.

माझ्या शेजारी चहाची किटली आणि दोन कप, पलंगाखाली सपातांचे दोन जोड, न्हाणीघरात काडेपेटीएवढ्या साबणाच्या वड्या. घरी विरलेला टॉवेल वर्षानुवर्षं वापरणारी माणसं इथल्या चारही वड्या पिशवीत टाकून न्यायची. एका गृहस्थांनी तर मलाच बॅगेत कोंबलं होतं. ऐन दारात माझा गजर वाजला, म्हणून वाचलो.

आमची खोली आवरणाऱ्याला सगळे इस्त्री म्हणत, कारण त्याच्या सदऱ्यावर कधी चुणी दिसली नाही. जहाज पश्चिमेकडे निघालं की दर एक-दोन दिवसांनी, संध्याकाळी चादरी नीट करताना, तो माझे काटे तासभर मागे घ्यायचा. गेलेली वेळ परत येत नाही, असं लोक म्हणतात. मला हसू यायचं. मी तर ती अठरा वर्षं परत येताना पाहत होतो.

मग एका फेरीला काकू आल्या. सत्तरीच्या, एकट्याच. आल्या आल्या त्यांनी मला उचललं आणि इस्त्रीला म्हणाल्या, "हे घड्याळ माझ्या घरच्याच वेळेवर राहू दे."

"काकू, नियम आहे. सगळ्या खोल्यांत एकच वेळ लागते."

"नियम तुझा, नवरा माझा."

मग काकूंनी सांगितलं. तिकीट दोघांचं काढलं होतं. तेवढ्यात काकांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली. काकू जाणं रद्द करायला निघाल्या, तर काकांनी डाव्या हाताने पाटीवर लिहिलं, 'जा'. काकांजवळ आता काकूंच्या नणंदबाई होत्या. संध्याकाळी सहाचा चहा नवरा-बायकोने चाळीस वर्षं एकत्र घेतलेला. म्हणून ठरलं होतं की घरी सहा वाजले की काकूंनी मोबाइलवरून एक मिस्ड कॉल द्यायचा. तो वाजला की तिकडे काकांनी कप उचलायचा. मोबाइल आपोआप जहाजाची वेळ दाखवायचा, म्हणून घरची वेळ सांगायचं काम माझं.

इस्त्री विरघळला. त्याने माझ्याखाली चिठ्ठी ठेवली, 'हात लावू नये.'

घरचे सहा म्हणजे जहाजावरचे पाच, मग चार, मग तीन. शेवटी तर सगळं जहाज दुपारच्या जेवणावर तुटून पडलेलं असायचं आणि आमच्या खोलीत किटली खदखदत असायची. काकू दोन कप भरायच्या. "त्यांचाही मलाच प्यावा लागतो," असं म्हणत दोन्ही संपवायच्या. मी त्यांच्याकडे बघत सहाचा ठोका कसा गाठायचो, ते माझं मला ठाऊक. इतका नेमका मी आयुष्यात कधी चाललो नाही.

आणि एका संध्याकाळी घात झाला. इस्त्री चादर झटकत होता. बोलता बोलता त्याने मला उचललं, किल्ली फिरवली, काटे तासभर मागे घेतले आणि चिठ्ठीवरच परत ठेवलं. अठरा वर्षांची हाताची सवय! मी ओरडून सांगणार कसा? मला टिकटिकीपलीकडे भाषा नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्यात सहा वाजले, काकूंनी कॉल दिला, आणि लगेच उलटा फोन आला. नणंदबाई रडत होत्या. "वहिनी, होतीस कुठे? दादा तासभर कप धरून बसलाय. गार झाला म्हणून दुसरा दिला, तर तोही नको. त्याला वाटलं, तुझंच काही बरंवाईट झालं."

काकूंनी बोलावल्यावर इस्त्रीने येऊन हात जोडले. "माफ करा, काकू. हात आपोआप फिरला."

"तुमच्या जहाजावर तास परत मिळतात रे," काकू म्हणाल्या. "त्यांचा तो तास कुठून आणू?"

त्यानंतर मला हसू आलं नाही. इस्त्री रोज पाच मिनिटं आधी येऊन दारात उभा राहायचा आणि आपल्या मनगटावरचं घड्याळ माझ्याशी ताडून बघायचा. मुक्काम येईपर्यंत चूक झाली नाही.

दीड वर्षाने प्रवाशांच्या यादीत काकूंचं नाव दिसलं. इस्त्रीला कोण आनंद! त्याने मला पुसलं, घरच्या वेळेवर लावलं, खाली नवी चिठ्ठी ठेवली. काकू आत आल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, तिची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"आता जहाजाच्याच वेळेवर लाव, बाबा."

इस्त्रीचा हात माझ्या किल्लीवर बराच वेळ तसाच राहिला. संध्याकाळी जहाजाबरोबर त्याने माझे काटेही तासभर मागे घेतले. काकूंनी सवयीने दोन कप भरले. "दुसरा तू घे," म्हणाल्या. खोलीत बसायची त्याला परवानगी नव्हती. त्याने उभ्यानेच चहा घेतला, आणि त्या सदऱ्यावर मी पहिल्यांदा डाग पाहिला.

पुढे खोल्यांच्या भिंतींवर आपोआप वेळ बदलणारे आकडे आले आणि आम्हाला खोक्यात भरलं. निवृत्त होताना इस्त्री मला मागून घरी घेऊन आला. अखेर फळी मिळाली! आता मी दिवसाला दहा मिनिटं मागे पडतो. दुपारी तो मला रेडिओशी जुळवून घेतो. सहाला त्याची बायको दोन कप मांडते, आणि तो कुठेही असला तरी धापा टाकत पोहोचतो.

तुमचीही कुणी कप धरून वाट बघत असेल. उठा, निघा. माझे काटे हवे तितके मागे घ्या. त्याने तिकडचा चहा काही गरम होत नाही.