सैंधवाचा उपास

नगरच्या डॉक्टरांनी विष्णुपंतांच्या दंडाला पट्टा आवळला, पारा चढताना पाहिला आणि मीठ बंद केलं. सोबत आलेल्या रंगूबाईंनी मान हलवली. धाकटे दीर असेच लालबुंद होऊन एका दुपारी ताटावरच आडवे झाले होते. आता रंगूबाईंचं कुंकू मिठाच्या बरणीत अडकलं होतं.

विष्णुपंत मात्र कर्जतच्या कचेरीत जन्मभर शिरस्तेदारी केलेले. हुकूम वाचायच्या आधी त्यांना त्यातली पळवाट दिसायची.

"मिठासाठी देश तुरुंगात गेला आणि मी मीठ सोडू?" परतताना मोटारीत ते गरजले. देश तुरुंगात गेला तेव्हा पंत कचेरीत वेळेवर हजर होते, ती गोष्ट वेगळी.

घरी पोचेतो पळवाट सापडली.

"अगं, उपासाला मीठ चालतं?"

"नाही बाई."

"सैंधव?"

"चालतं की."

"म्हणजे सैंधव मीठ नव्हे. शास्त्रच सांगतंय! उद्यापासून मी रोज उपास करणार."

एवढ्या धर्मनिष्ठेपुढे बायकोनं काय बोलावं? पंतांनी बाजारातून नारळाएवढा सैंधवाचा खडा आणला. रंगूबाईंनी तो गोठ्यात म्हशीपुढे ठेवला. म्हशीला शास्त्र ठाऊक नव्हतं. ती मीठ समजूनच चाटू लागली.

मग रंगूबाईंनी जिरं खमंग भाजून कुटलं, हिरवी मिरची तव्यावर चुरचुरवली, शेंगदाण्याच्या आमटीत चांगली मूठभर आमसुलं टाकली, भगरीवर लिंबू पिळलं. आणि ताट मांडलं.

पंतांनी भुरका मारला.

"याला म्हणतात सैंधव! मीठ मेलं जीभ ओरबाडतं. हे कसं सात्त्विक!"

"वाढू अजून?"

"वाढ. पण सैंधव जरा बेतानं घालत जा. डॉक्टरांचाही मान राखायला हवा."

दोन महिन्यांनी पारा चांगलाच उतरला होता. डॉक्टर खूश झाले.

"मीठ सोडलंत, उत्तम केलंत."

"मीठ सोडलं, सैंधव नाही! अख्खा खडा संपवला. तुमच्या बाकीच्या रोग्यांनाही सांगा. मी तर आता दोन आणणार आहे."

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. "अहो, सैंधव म्हणजे मीठच!"

दोन खडे ऐकून रंगूबाईंना गप्प राहवेना. "डॉक्टर, तो पट्टा आमच्या म्हशीला पुरेल का हो? खडा तिनं संपवलाय."

पंतांनी बाही खाली ओढली. मोटार सुटून बरीच पुढे गेली तरी ते खिडकीबाहेरच बघत होते.

"उद्या उपास ना?" रंगूबाईंनी हळूच विचारलं.

"छे! उद्या भाकरी." मग ते पुटपुटले, "आमटी मात्र तीच कर. म्हशीला विचारून."